लोकलहोस्ट म्हणजे कुणाचं घर?

आजचा विषय वरवर अगदी छोटा आहे. लॅपटॉपवर डॉकर चालू आहे, डॉकरमध्ये एक कंटेनर आहे, कंटेनरमध्ये पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल आहे. कंटेनरच्या आत शिरून बघितलं तर डेटाबेस ठणठणीत. टेबलं दिसतात, क्वेरी चालते. आणि बाहेरून, त्याच लॅपटॉपवरून, जोडायला गेलं की उत्तर येतं, कनेक्शन नाकारलं. भिलाईपासून भिवंडीपर्यंत ज्यानं ज्यानं डॉकर शिकायला घेतलं, त्याला पहिल्या आठवड्यात इथे ठेच लागलेली असते.

उपाय एका ओळीचा आहे. कंटेनर सुरू करताना हायफन पी लिहायचं आणि पुढे ५४३२:५४३२. झालं, जोडलं गेलं. बहुतेक व्हिडिओ इथे संपतात. पण ही ओळ नुसती पाठ करणारा माणूस पुढच्या ठेचेला पुन्हा अडतो, आणि त्याहून वाईट म्हणजे कधी कधी त्याच्याकडून दार सगळ्या जगाला उघडं राहतं आणि त्याला पत्ताच नसतो. म्हणून आपण ही ओळ कुठून आली ते बघू. तिच्यामागे पन्नास वर्षांत वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या कारणांसाठी घेतलेले निर्णय आहेत, आणि ते एकमेकांना विचारून घेतलेले नाहीत.

सुरुवात पत्त्यापासून करू या, आणि पत्त्यासाठी भिलाईसारखं गाव नाही. २ फेब्रुवारी १९५५ला भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला तेव्हा भिलाई जुन्या मध्य प्रदेशात होतं आणि त्या राज्याची राजधानी होती नागपूर. पुढे १९५६च्या नोव्हेंबरात राज्यं नव्यानं आखली गेली, राजधानी भोपाळला गेली. ४ फेब्रुवारी १९५९ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. कारखान्याबरोबर वसाहतही आखून उभी राहिली. सेक्टर, सेक्टरमध्ये स्ट्रीट, स्ट्रीटवर क्वार्टर. आपली जुनी गावं अशी नसतात. तिथे पत्ता म्हणजे ‘मारुतीच्या देवळामागे, कुलकर्ण्यांचा वाडा’. भिलाईत पत्ता म्हणजे आकडे. आणि आकड्यांच्या पत्त्याचा एक गुण तिथे वाढलेल्या कुणालाही ठाऊक असतो. नुसता क्वार्टरचा नंबर सांगितला तर रिक्षावाला तुमच्या तोंडाकडे बघत राहील. तो नंबर कितीतरी ठिकाणी आहे. स्ट्रीट सांगा, सेक्टर सांगा, मग घर सापडेल.

ही गोष्ट लक्षात ठेवा. आपला सगळा घोळ याच जातीचा आहे. एक आकडा आहे, तो अनेक ठिकाणी खरा आहे, आणि आपण ‘कुठला’ हे सांगायला विसरतो.

आता कॉम्प्युटरकडे. १९७०च्या आसपास आर्पानेट हे जाळं अमेरिकेत उभं राहत होतं. एका मशीनवर एकाच वेळी अनेक कार्यक्रम चालतात, मग बाहेरून आलेला निरोप कुणाला द्यायचा? म्हणून प्रत्येक सेवेला एक आकडा द्यायची पद्धत पडली. सुरुवातीला ज्याला जो हवा तो आकडा तो घेई. १९७२मध्ये जॉन पोस्टेल नावाच्या तरुणानं एक छोटं टिपण लिहिलं. त्याचं म्हणणं असं की हे आकडे वाटून देणारा कुणीतरी एक माणूस असावा, आणि तो माणूस मीच का असू नये, असं त्यानं अर्धवट गमतीत प्रश्नचिन्हासकट सुचवलं. गंमत खरी ठरली. १९९८मध्ये वारेपर्यंत पोस्टेल हे काम करत राहिला. इंटरनेटची नोंदवही बराच काळ एका दाढीवाल्या माणसाकडे होती असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही.

१९८१च्या सप्टेंबरात टीसीपीचं प्रमाणपत्रक छापलं गेलं, त्यात पोर्टला सोळा बिटांची जागा दिली. म्हणजे शून्य ते ६५,५३५ एवढे आकडे. मराठीत पोर्ट म्हटलं की आपल्याला बंदर आठवतं, पण इथे दार हा अर्थ घेतलात तर सोपं जाईल. मशीन म्हणजे कारखाना आणि पोर्ट म्हणजे त्याचं गेट. भिलाईच्या कारखान्यालाही मेन गेट आहे, बोरिया गेट आहे. कुठल्या कामाला कुठल्या गेटानं जायचं ते ठरलेलं. पोस्टग्रेसचं गेट ५४३२, मायएसक्यूएलचं ३३०६.

दुसरा निर्णय १२७चा. त्याच १९८१मध्ये १२७नं सुरू होणारे सगळे पत्ते राखून ठेवले गेले, आणि १९८६मध्ये त्यांचं काम लिहून ठेवलं: या पत्त्यावर पाठवलेलं काहीही मशीनच्या बाहेर जाणार नाही, उलट फिरून स्वतःकडेच येईल. स्वतःला पत्र टाकावं तसं. एक कोटी साठ लाखांहून जास्त पत्ते या एका कामासाठी बाजूला ठेवले आणि आपण सगळे त्यातला एकच वापरतो, १२७.०.०.१. त्यालाच लोकलहोस्ट म्हणतात. त्या काळी पत्ते संपतील असं कुणाला वाटलं नव्हतं.

लोकलहोस्ट म्हणजे ‘हे मशीन’. तेव्हा या व्याख्येत काही संदिग्ध नव्हतं. मशीन एक, त्याचं जाळं एक, त्याचा लोकलहोस्ट एक.

तिसरी गोष्ट १९८३ची. बर्कली विद्यापीठाच्या ४.२ बीएसडी या युनिक्समध्ये सॉकेट आले. आजही कुठलाही कार्यक्रम जाळ्याशी बोलतो तो बऱ्याच अंशी त्याच पद्धतीनं. त्यात दोन प्रकार होते. एक जाळ्यावरचा सॉकेट, पत्ता आणि पोर्ट असलेला. दुसरा युनिक्स सॉकेट, जो डिस्कवर एखाद्या फाइलसारखा दिसतो आणि फक्त त्याच मशीनवरच्या कार्यक्रमांना एकमेकांशी बोलू देतो. दुसरा प्रकार साधा, वेगवान, आणि बाहेरच्याला तिथपर्यंत पोचताच येत नाही. घरातल्या घरात स्वयंपाकघरातून माजघरात ताट सरकवायची खिडकी असते ना, तशी. पाहुण्याला ती रस्त्यावरून दिसत नाही.

डेटाबेसवाल्यांना ही खिडकी फार आवडली. पोस्टग्रेसचा प्रकल्प १९८६मध्ये बर्कलीतच सुरू झाला, मायकेल स्टोनब्रेकर यांच्या हाताखाली. १९९६मध्ये त्याला पोस्टग्रेसक्यूएल हे आजचं नाव मिळालं. बरीच वर्षं तो मुळात खिडकीवरच बोलायचा. जाळ्यावरून जोडणी घ्यायची असेल तर तसं मुद्दाम सांगावं लागे. २००५च्या जानेवारीत ८.० ही आवृत्ती आली तेव्हा ‘कुठल्या पत्त्यावर कान लावायचा’ अशी एक वेगळी सेटिंग आली आणि तिचं मूळ मूल्य ठेवलं लोकलहोस्ट. म्हणजे फक्त याच मशीनवरून. ही सावधगिरी योग्यच होती. डेटाबेस ही घरातली तिजोरी, ती ओसरीवर कोण ठेवतं?

मायएसक्यूएल १९९५चा, स्वीडनमधला, मॉन्टी विडेनियस आणि मंडळींचा. ‘माय’ हे विडेनियसच्या मुलीचं नाव. या डेटाबेसनं एक अशी गोष्ट केली जी आजही नव्या माणसाला चक्रावते. त्याच्या क्लायंटला युनिक्सवर तुम्ही ‘लोकलहोस्ट’ असं नाव दिलंत तर तो जाळ्यावर जातच नाही, तो खिडकी शोधतो, म्हणजे युनिक्स सॉकेटची फाइल. तुम्ही १२७.०.०.१ असा आकडा दिलात तर मात्र जाळ्यावरून जातो. इतर सगळ्या जगात हे दोन शब्द एकाच अर्थाचे आहेत. इथे नाहीत. कंटेनरचं गेट व्यवस्थित उघडलेलं असतं आणि तरी तक्रार येते की अमुक सॉकेटमार्फत जोडता येत नाही, ती यामुळे. खिडकी कंटेनरच्या आतल्या भिंतीत आहे आणि तुम्ही ती बाहेरच्या भिंतीत चाचपडताय. लोकलहोस्टच्या जागी आकडा लिहा, सुटलं.

आणखी एक मायएसक्यूएलची जुनी सवय. तिथे खातं म्हणजे नुसतं नाव नाही, नाव आणि ‘कुठून आला’ अशी जोडी. लोकलहोस्टवरून आलेला रूट आणि दुसरीकडून आलेला रूट ही दोन निराळी माणसं. हे पुढे कामाला येईल.

आता भिंतींकडे वळू. १९७९मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत सीएचरूट नावाची सोय आली. एखाद्या कार्यक्रमाला सांगायचं की हा फोल्डर म्हणजेच तुझी सगळी डिस्क, याच्या वर काही नाही. बिचारा तेवढंच जग मानतो. पण ही भिंत फक्त फाइलींपुरती होती. जाळं सगळ्यांचं एकच राहिलं. लोकलहोस्टही एकच.

२०००च्या मार्चमध्ये फ्रीबीएसडी ४.० आलं आणि त्यात ‘जेल’ आलं, पोल-हेनिंग काम्प या डॅनिश प्रोग्रामरचं. गरज धंद्याची होती. एका मशीनवर अनेक गिऱ्हाइकांच्या वेबसाइट ठेवायच्या, प्रत्येकाला वाटलं पाहिजे की मशीन आपलंच आहे, आणि एकानं दुसऱ्याच्या घरात डोकावता कामा नये. जेलला स्वतःचा आयपी पत्ता मिळाला. सनच्या सोलॅरिस १०मध्ये २००५ साली ‘झोन’ आले, कल्पना तीच.

लिनक्सनं हे काम एका फटक्यात केलं नाही. तिथे भिंती एक एक करून उभ्या राहिल्या. २००२मध्ये फाइलींची, मग इतर. गूगलमधल्या पॉल मेनाज आणि रोहित सेठ यांनी २००६मध्ये सुरू केलेलं काम, ज्यात कुठल्या गटानं किती मेमरी आणि किती प्रोसेसर वापरायचा याचा हिशोब ठेवता येतो, ते सीग्रुप या नावानं २००८च्या जानेवारीत कर्नलमध्ये आलं. त्याला आधी कंटेनर असंच म्हणत होते, पण कर्नलमध्ये त्या शब्दाचे आधीच फार अर्थ झाले होते म्हणून नाव बदललं. आणि त्याच सुमाराला, २००८-०९मध्ये, आपल्या गोष्टीतली खरी भिंत पूर्ण झाली, तिचं नाव नेटवर्क नेमस्पेस.

इथे जरा थांबू या. नेटवर्क नेमस्पेस म्हणजे जाळ्याचं अख्खं वेगळं बिऱ्हाड. त्याचे स्वतःचे पत्ते, स्वतःचे रस्ते, ६५,५३५पर्यंतची स्वतःची सगळी दारं, आणि स्वतःचा लोकलहोस्ट. मशीन एकच, पण त्यावर आता लोकलहोस्ट दहा असू शकतात. प्रत्येक कंटेनरला वाटतं १२७.०.०.१ म्हणजे मी. भिलाईत चार वेगवेगळ्या सेक्टरांत उभं राहून चार जणांनी ‘आमच्या क्वार्टरला ये’ म्हणावं, तसं. चौघंही खरं बोलताहेत. १९८१ साली ज्या शब्दाचा अर्थ एकच होता त्याचा अर्थ आता बोलणारा कुठे उभा आहे यावर ठरतो. डॉकरमध्ये अडलेल्या विद्यार्थ्यांचे प्रश्न बघितले तर माझ्या मते त्यातले निम्मे या एका वाक्यात सुटतात.

२०१३च्या मार्चमध्ये अमेरिकेत सांता क्लारा इथे पायथॉनवाल्यांच्या संमेलनात सॉलोमन हाइक्सनं पाच मिनिटांत डॉकर दाखवलं. त्याची कंपनी होती डॉटक्लाउड. त्यानं भिंती नव्या शोधल्या नाहीत, त्या कर्नलमध्ये होत्याच. त्यानं त्या सामान्य प्रोग्रामरच्या हातात येतील अशा केल्या. डॉकर म्हणजे गोदी कामगार, नावातच बंदर आहे. ती उपमा माल्कम मॅक्लीनच्या पोलादी पेट्यांवरून घेतलेली. २६ एप्रिल १९५६ला ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ पेट्या घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला निघालं, तिथून मालवाहतुकीचा सगळा धंदा बदलला. आपल्याकडे १९८९मध्ये न्हावा शेवाचं बंदर सुरू झालं ते मुळात या पेट्यांसाठीच. उपमा छान आहे, पण आपल्या कामाला ती अपुरी पडते. न्हावा शेवाची पेटी सील केली की मुक्कामाला पोचेपर्यंत तिच्याशी कुणी बोलत नाही. डेटाबेसच्या पेटीशी सारखं बोलायचं असतं. त्यासाठी तिला दार पाडावं लागतं.

ते दार डॉकरनं कसं पाडलं? दोन जुने तुकडे जोडून. इंटरनेटवरचे पत्ते पुरणार नाहीत हे १९९०च्या दशकात लोकांच्या लक्षात आलं. १९९४मध्ये नॅट नावाची युक्ती मांडली गेली: आत अनेक मशीन, बाहेर एकच पत्ता, आणि उंबरठ्यावरचा पहारेकरी पाकिटांवरचे पत्ते बदलून पुढे पाठवतो. १९९६मध्ये ‘हे पत्ते खासगी, ज्याला हवे त्यानं आपल्या आवारात वापरावेत’ असे तीन गट ठरवून दिले. १९२.१६८ तुमच्या घरच्या वायफायवर बघितलाच असेल. दुसरा गट १७२.१६पासून १७२.३१पर्यंतचा. डॉकरनं सहसा यातलाच १७२.१७ उचलला. म्हणून तुमच्या पहिल्या कंटेनरचा पत्ता बहुधा १७२.१७.०.२ असतो आणि तुमच्या मैत्रिणीच्या लॅपटॉपवरच्या कंटेनरचाही तोच. पुन्हा क्वार्टर नंबर.

पाकिटांवरचे पत्ते बदलायचं काम लिनक्समध्ये आयपीटेबल्स करतं, रस्टी रसेल यांनी उभं केलेलं, २००१पासून कर्नलमध्ये. तर हायफन पी ५४३२:५४३२ याचा अर्थ असा: होस्ट मशीनच्या ५४३२ या गेटावर जो येईल त्याच्या पाकिटावर कंटेनरचा पत्ता लिही आणि आत सोड. डावा आकडा होस्टचा, उजवा कंटेनरचा. डावा तुमच्या मर्जीचा, उजवा डेटाबेसच्या. मशीनवर आधीच दुसरा पोस्टग्रेस असेल तर ५४३३:५४३२ लिहा आणि बाहेरून ५४३३ला जोडा. हे दोन आकडे उलटे लिहिणारे इतके भेटतात की ‘आधी अंगण, मग घर’ असं सांगायची मला सवय लागली आहे. डॉकरफाइलमध्ये ‘एक्स्पोज’ अशी एक ओळ असते. ती दार पाडत नाही. ती फक्त ‘इथे दार पाडता येईल’ अशी खडूची खूण आहे.

आता मघाचा तिजोरीचा मुद्दा आठवा. पोस्टग्रेसची मूळ सवय लोकलहोस्टवरच कान लावायची. कंटेनरमध्ये तो लोकलहोस्ट कुणाचा? कंटेनरचा. पहारेकऱ्यानं पाठवलेला माणूस कंटेनरच्या दृष्टीनं बाहेरचाच, तो दुसऱ्या पत्त्यावरून आलेला. म्हणजे २००५ साली सावधगिरी म्हणून ठेवलेलं मूल्य इथे आड येतं. पोस्टग्रेसची जी अधिकृत इमेज आहे तिनं म्हणूनच ते बदलून ‘सगळ्या पत्त्यांवर’ असं केलं आहे. पण कुणी स्वतःची इमेज बनवली किंवा जुनी सेटिंग फाइल आत नेऊन ठेवली की दार उघडं आणि आत कुणी ऐकत नाही अशी स्थिती होते. त्याचं लक्षणही फसवं आहे. जोडणी नाकारली न जाता लागते आणि लगेच तुटते, कारण होस्टवर डॉकरचा एक मध्यस्थ आधी हात मिळवतो आणि मग आत कुणी नाही हे त्याला कळतं. नाकारलं आणि लागून तुटलं, या दोन आजारांची औषधं वेगळी आहेत.

मायएसक्यूएलचं ‘कुठून आला’ तेही इथेच कामाला येतं. तुम्ही तुमच्याच लॅपटॉपवरून आलात, पण डेटाबेसला दिसतो १७२.१७.०.१ हा पत्ता, म्हणजे कंटेनरच्या आवाराचा उंबरठा. तुमचं खातं फक्त लोकलहोस्टसाठी केलेलं असेल तर तो तुम्हाला ओळख देणार नाही, पासवर्ड बरोबर असला तरी. आणि पोस्टग्रेसच्या इमेजमध्ये उलटी गंमत. आतून लोकलहोस्टवरून जोडलं तर पासवर्ड विचारतच नाहीत. त्यामुळे आत जाऊन तपासणारा खूश असतो की पासवर्ड बरोबर आहे. त्यानं तो तपासलेलाच नसतो. पासवर्ड ज्या व्हेरिएबलमधून आपण देतो तो वाचला जातो फक्त डेटाचा फोल्डर रिकामा असताना, पहिल्या वेळी. नंतर तो बदलून कंटेनर कितीही वेळा नव्यानं चालू करा, जुना व्हॉल्यूम तोच असेल तर पासवर्डही जुनाच.

मॅक आणि विंडोजवाल्यांचा इतिहास आणखी वेगळा आहे, आणि तो थोडक्यात सांगतो, कारण जुनी पुस्तकं वाचणारे त्यात फसतात. या भिंती लिनक्सच्या कर्नलच्या आहेत, मॅकमध्ये त्या नाहीत. म्हणून तिथे आधी एक आभासी लिनक्स मशीन चालवावं लागतं. २०१४-१५च्या काळात ते मशीन वेगळ्या पत्त्यावर उघड दिसायचं, बऱ्याचदा १९२.१६८.९९.१००. त्या काळातल्या मार्गदर्शकांत ‘लोकलहोस्टला नव्हे, या आकड्याला जोडा’ असं लिहिलेलं असे, आणि ते तेव्हा बरोबर होतं. २०१६मध्ये नवं डॉकर आलं, त्यानं ते मशीन पडद्याआड नेलं आणि दार पुन्हा लोकलहोस्टवर आणून दिलं. लिनक्सवर मात्र आजही होस्टवरून थेट १७२.१७.०.२ला जोडता येतं, दार न पाडताही. मॅकवर ते जमत नाही. एकाच वर्गातल्या दोन मुलांना एकाच आज्ञेची दोन उत्तरं मिळतात ती यामुळे, आणि दोघंही बरोबर असतात.

मॅकवरच आणखी एक सापळा आहे. तिथे आधी बसवलेला पोस्टग्रेस १२७.०.०.१च्या ५४३२वर बसलेला असतो आणि डॉकर ‘सगळ्या पत्त्यांवरच्या’ ५४३२वर. दोघांचं भांडण होत नाही, कारण एकाचा पत्ता नेमका आहे आणि दुसऱ्याचा मोघम. पण आलेला पाहुणा नेमक्या पत्त्याकडे जातो. तुम्हाला वाटतं कंटेनरशी बोलतोय, उत्तर देतो घरचा जुना डेटाबेस: असा वापरकर्ता इथे नाही. माणूस तासन्‌तास कंटेनरमध्ये वापरकर्ते बनवत बसतो. ५४३३ वापरलं की दोन मिनिटांचं काम.

आता ‘सगळ्या पत्त्यांवर’ या शब्दांकडे या, कारण इथे पैसे आणि नोकऱ्या गेल्या आहेत. हायफन पी ५४३२:५४३२ लिहिलं की डॉकर होस्टचं गेट फक्त लोकलहोस्टसाठी उघडत नाही. मशीनच्या प्रत्येक पत्त्यावर उघडतो. लॅपटॉप घरच्या वायफायवर असेल तर घरातल्या सगळ्यांना, कॉलेजच्या वायफायवर असेल तर कॉलेजला. आणि भाड्याचा सर्व्हर असेल, ज्याला इंटरनेटवरचा खरा पत्ता आहे, तर जगाला.

जग म्हणजे काय याचा अनुभव २०१६च्या डिसेंबरात आणि २०१७च्या जानेवारीत आला. मोंगोडीबी हा डेटाबेस कित्येकांनी पासवर्ड न लावता सगळ्या पत्त्यांवर उघडा ठेवलेला होता. इंटरनेटवरचे सगळे पत्ते चाळून अशी दारं शोधणं अवघड नाही, ते काम कार्यक्रमच करतात. कुणीतरी आत शिरून डेटा पुसला आणि जागेवर चिठ्ठी ठेवली: ०.२ बिटकॉइन द्या, परत मिळेल. व्हिक्टर खेव्हर्स या डच संशोधकानं पहिली प्रकरणं उजेडात आणली. काही आठवड्यांत असे डेटाबेस हजारोंनी गेले. एका टोळीची चिठ्ठी पुसून दुसरी टोळी आपली ठेवू लागली, त्यामुळे पैसे भरणाऱ्यांनी ते भलत्यालाच भरले. अनेकांच्या डेटाची प्रत चोरांनी घेतलेलीच नव्हती, नुसता पुसला होता. २०२० साली जुलैमध्ये तर ‘म्याव’ नावानं ओळखला गेलेला हल्ला झाला, त्यात चिठ्ठीही नव्हती. डेटा जाई आणि जागेवर तेवढा शब्द उरे. मोंगोडीबीनं २०१७च्या अखेरीस ३.६ या आवृत्तीत मूळ मूल्य सगळीकडेच लोकलहोस्ट केलं. पोस्टग्रेसनं जे आधीपासून केलं होतं ते इतरांना असं शिकावं लागलं.

यात डॉकरची एक स्वतःची भर आहे आणि ती मला फार गंभीर वाटते. उबुंटूवर यूएफडब्ल्यू नावाची सोपी फायरवॉल मिळते, २००८पासून. सावध माणूस ती चालू करतो, ५४३२ बंद असं सांगतो, आणि निर्धास्त झोपतो. पण यूएफडब्ल्यूचा तो नियम मशीनच्या स्वतःच्या नावानं आलेल्या पाकिटांना लागतो. डॉकर पाकिटावरचा पत्ता त्याच्या आधीच बदलतो, मग ते पाकीट ‘दुसऱ्याकडे जाणारं’ ठरतं आणि वेगळ्या वाटेनं निघून जातं. मेन गेटवर शिपाई दंडा घेऊन उभा, आणि ट्रक बोरिया गेटानं आत. फायरवॉल खोटं बोलत नाही. तिला विचारलंच जात नाही. डॉकरच्या कागदपत्रांत हे लिहिलेलं आहे, २०१७पासून आपले नियम घालायला एक वेगळी साखळीही दिली आहे. पण कागदपत्रं वाचून डॉकर सुरू करणारे किती?

यात नुकसान मोठ्या बँकांचं होत नाही, त्यांच्याकडे ही कामं बघणारी माणसं असतात. होतं ते दुर्ग, अकोला, बेळगाव अशा गावांत एखाद्या पतपेढीचं, शाळेचं, दवाखान्याचं सॉफ्टवेअर करून देणाऱ्या दोन-तीन पोरांच्या धंद्याचं. सर्व्हर भाड्याचा, डेटाबेस कंटेनरमध्ये, पासवर्ड सोपा, हायफन पीची ओळ कुठूनतरी उचललेली. आत माणसांची नावं, फोन नंबर, आजार, कर्जं. लॅपटॉपवर शिकताना लिहिलेली ओळ तशीच सर्व्हरवर जाते, आणि दोन्हीकडे ती ‘चालते’.

म्हणून ती ओळ अशी लिहा: हायफन पी, मग १२७.०.०.१:५४३२:५४३२. पुढचा पत्ता म्हणजे ‘गेट उघड, पण फक्त या मशीनवरच्यांसाठी’. कंपोझ फाइलमध्येही अगदी असंच लिहिता येतं. आणि जर डेटाबेसशी बोलणारं तुमचं ॲप्लिकेशनही कंटेनरमध्येच असेल तर दार पाडायची गरजच नाही. २०१५च्या नोव्हेंबरात डॉकर १.९मध्ये आपापली जाळी बनवायची सोय आली, आणि त्या जाळ्यांत कंटेनर एकमेकांना नावानं हाक मारू लागले. तिथे पत्ता म्हणून डेटाबेसच्या कंटेनरचं नाव द्या आणि पोर्ट आतला, ५४३२. बाहेरचा ५४३३ तिथे चालणार नाही, कारण आवारातल्या आवारात मेन गेट लागत नाही. लोकलहोस्टही चालणार नाही, का ते आता तुम्ही सांगाल.

दूरच्या सर्व्हरवरचा डेटाबेस आपल्या टेबलावरून बघायचा असेल तर एसएसएचचा बोगदा वापरा. १९९५मध्ये फिनलंडच्या तातू युलोनेन यांनी एसएसएच लिहिलं, ते आजही या कामाला पुरतं. सर्व्हरवर दार लोकलहोस्टपुरतंच राहतं आणि तुम्ही बोगद्यातून त्याच्या लोकलहोस्टवर जाऊन उभे राहता.

१२७.०.०.१ लिहिलं की काम झालं असं मी म्हटलं, त्याला एक शेपूट आहे. बरीच वर्षं लिनक्सवर असं होतं की लोकलहोस्टपुरतं उघडलेलं हे गेट, त्याच वायफायवर किंवा त्याच स्विचवर बसलेला जाणकार माणूस थोड्या खटपटीनं गाठू शके, कारण पत्ते बदलण्याच्या त्या यंत्रणेत तेवढी फट होती. २०२५ साली आलेल्या डॉकर २८.०मध्ये ती बुजवली. तेव्हा सर्व्हरवर जाऊन ‘डॉकर व्हर्जन’ ही आज्ञा द्या. उत्तर २८च्या आतलं आलं, तर आधी ते वर न्या आणि मग कंटेनरांची यादी काढून पोर्टच्या रकान्यात बघा. तिथे ०.०.०.० दिसतंय का?